भिंतभर वेलबुट्टी

मी छपाईच्या अक्षरांचा, जुन्या लाकडी खिळ्यांचा एक संच आहे मित्रांनो, आणि मी रागावलेलो आहे. कुमासी शहरातल्या यॉ ट्वुमासीच्या छापखान्यात, खिडकीखालच्या खणात मी पडून असतो. जुनी वस्तू आपली कहाणी सांगू लागली की हळवी होते म्हणतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म चांगल्या हातून झाला. सुंदर हस्ताक्षराच्या एका शाळामास्तरांनी मला तिरप्या टोकाच्या टाकाने कागदावर उतरवले आणि ट्वुमासीच्या बापाने ओडुमच्या लाकडात कोरले. रेघ खाली उतरताना जाड, वर चढताना केसासारखी बारीक. माझी कॅपिटल अक्षरे म्हणजे नटवी मंडळी. कोणाला शेपूट, कोणाला तुरा, कोणाच्या पोटात वेल. लहान अक्षरे मात्र साधी, मुकाट्याने ओळीत चालणारी. मास्तरांनी बजावून ठेवले होते की शब्दाच्या तोंडाशी एकच नटवा उभा करायचा आणि मागे साधी अक्षरे. दोन नटवे शेजारी आले की एकमेकांच्या पायात पाय घालणार.

हा नियम पाळला जात होता तोवर माझे दिवस सोन्याचे होते. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणे, पिकल्या पानांच्या अंत्यविधीची पोस्टरे. आमच्याकडे भरल्या घरातून म्हातारे माणूस गेले की लोक काळे-पांढरे कापड नेसून येतात, नाचतात, देवाचे आभार मानतात. त्या पोस्टरचा मथळा माझा. तरणे माणूस गेले तर कापड लाल आणि काळे, आणि अक्षरे जाड, ठोकळेबाज. भिंतीवर मी दिसलो की नाव वाचायच्या आधीच माणसे पांढरे कापड शोधू लागत.

सेरवाची लग्नपत्रिका माझ्याच अक्षरांत छापली होती. नवऱ्याच्या नावावरून, बोआसियाकोच्या नावावरून, तिने बोट फिरवले. शाई ओलीच होती. बोट काळे झाले तशी ती खुदकन हसली. तेवढे कौतुक मला पुष्कळ होते.

बोआसियाको ट्रोट्रो, म्हणजे भाड्याची छोटी बस, चालवायचा. आजारी पडून गावी गेला आणि चाळिशी न गाठताच तिकडे वारला. आमच्यात माणूस मामाच्या घराण्याचा, आणि मेल्यावर तर पुरताच. म्हणून पोस्टर ठरवायला त्याचा मामा अडुसेई छापखान्यात आला. सेरवा मागे उभी होती.

"मला ही वेलबुट्टीचीच अक्षरं पाहिजेत," अडुसेई म्हणाला. "आणि सगळी मोठी. बारकं एकसुद्धा नको. माझा भाचा काही बारका माणूस नव्हता."

"मामा, ही म्हाताऱ्यांची अक्षरं आहेत," सेरवा म्हणाली. "ह्यांचं लाल-काळं करायचंय आपल्याला."

"घराण्याचं घराणं बघेल. तू रडायचं बघ."

ट्वुमासीला सगळे कळत होते. बापाच्या तोंडून हा नियम ऐकतच तो वाढला होता. तरी मोठ्या घराण्याचे गिऱ्हाईक दुखवायला नको म्हणून मान खाली घालून तो माझी कॅपिटल अक्षरे एकाला एक खेटून जुळवत बसला. मला दात असते तर त्याच्या बोटाचा लचका तोडला असता.

पोस्टरे ट्रोट्रोच्या अड्डाभर लागली. तेव्हा त्यांच्यावर फोटो नसे. सेरवा तिथे गेली तेव्हा बोआसियाकोचा जिवलग सोबती डोंकोर त्याच पोस्टरला पाठ टेकून मक्याचे केंके खात होता. त्याने तिला हाक मारली. "वहिनी, आमचा गडी गावाला जाऊन बसला तो बसलाच की. गावचं पाणी मानवलं वाटतं."

तिने त्याच्या पाठीमागचे पोस्टर फाडले आणि तडक छापखान्यात आली. ते ट्वुमासीसमोर धरले.

"मास्तर, नाव वाचा."

आपल्याच हाताने जुळवलेले नाव ट्वुमासी खिडकीशी नेऊन, मान वाकडी करून पाहू लागला आणि मध्येच अडखळला.

"माझ्या लग्नात हेच नाव ह्याच अक्षरांत होतं," ती म्हणाली. "तेव्हा सगळ्या गावानं वाचलं."

ट्वुमासीने अडुसेईला विचारलेसुद्धा नाही. लाल शाई काढली, जाड अक्षरांत मथळा लावला, 'केवढा हा घाला'. नावाच्या तोंडाशी माझा एकच नटवा उभा केला आणि मागे माझीच साधी अक्षरे. संध्याकाळी अड्ड्यावर नवे पोस्टर लागले आणि डोंकोरने ते वाचले. हातातले केंके तसेच धरून तो चाकाजवळ खाली बसला.

पण जुनी पोस्टरे गावोगावी गेलेली होती. शनिवारी अंत्यविधीला अर्धे लोक लाल-काळ्यात आले आणि अर्धे पांढरे नेसून, ढोल घेऊन, नाचत अंगणात शिरले. सेरवाला पाहिल्यावर ढोल थांबले. कोणीतरी पांढऱ्या कापडाच्या टोकात तोंड लपवले. अडुसेई मात्र दारातल्या जुन्या पोस्टरखाली उभा राहून सगळ्यांना विचारत होता, अक्षरे कशी झालीत म्हणून.

म्हणून माझा राग अजून गेलेला नाही, मित्रांनो. मला पुसा, वाळवी लागू देऊ नका, हे तर झालेच. पण मला भिंतभर पसरू नका. मला एकदाच, नावाच्या तोंडाशी उभे करा आणि मागचे नाव दिसू द्या. रडायला आलेल्या माणसाला कोणासाठी रडायचे ते आधी वाचता आले पाहिजे.