डावीकडे सरकणारा माळी

मी एक जुना गेम कन्सोल आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूची जागा टीव्हीपाशी असावयाची. परंतु मी शिवणयंत्राच्या टेबलावर, टाचण्यांच्या डबीशेजारी बसलेला असतो. असे का, ते सांगण्यासाठीच आज मी तोंड उघडीत आहे. ज्या वेळी खरोखर बोलावयास हवे होते, त्या वेळी मला वाचा नव्हती.

माझा जन्म एका लांबच लांब, पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तेथे टोप्या घातलेल्या कामगार स्त्रियांनी माझ्या पोटात बॅटरी बसविली, छातीवर काच चिकटविली आणि दोन्ही कुशींना दोन कंट्रोलर सरकवून लावले. माझा स्वभाव दुहेरी आहे. डॉक नावाच्या बैठकीत ठेवले की माझा खेळ टीव्हीवर दिसतो. उचलून घेतले की तोच खेळ हातात येतो. माझ्या प्रत्येक कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवावयाची एक इवलीशी दांडी आहे. तिला मुले स्टिक म्हणतात. पुढील सर्व दुःख माझ्या डाव्या दांडीपासून उत्पन्न झाले.

ज्या घरी मी आलो, तेथे तीन माणसे होती. कपडे शिवणारी आई, कॉलेजात शिकणारी तिची लेक आणि आईचा धाकटा भाऊ, म्हणजे लेकीचा मामा. मामा लिफ्ट दुरुस्त करीत असे. कितीतरी उंच इमारतींच्या लिफ्ट त्याच्या पान्याच्या भरवशावर वरखाली होत; मात्र त्याच्या स्वतःच्या खोलीची कडी वर्षभर निखळलेली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आई डावखुरी होती. तिची कात्रीही डाव्या हाताची, मुद्दाम मागवून घेतलेली. दुसऱ्या कोणी ती घेतली की कापड कापण्याऐवजी चावत असे. एके सकाळी कॉलर बेतताना ती कात्री आईच्या हातून गळून पडली. मेंदूकडे जाणारे रक्त अडले होते. दवाखान्यातून आई परतली, तेव्हा डावा हात तिने मांडीवर असा ठेवला होता, जणू शेजारणीने सांभाळावयास दिलेले मूलच.

तदनंतर व्यायाम शिकविणाऱ्या बाई येऊ लागल्या. रबरी चेंडू दाबण्याचा आईला मनस्वी कंटाळा. बाईंची दृष्टी माझ्यावर पडली.

"हे चालतं का? मग रोज अर्धा तास यांच्या डाव्या अंगठ्याला याच्यावर कामाला लावा," त्या लेकीला म्हणाल्या. "खाडा नको हं. हा हात विसरभोळा आहे. सोडलात तर शिकलेलं सगळं विसरेल."

माझ्यात बागेचा एक खेळ होता. त्यात टोपीवाला माळी झारी घेऊन बारा वाफ्यांना पाणी घाली. पहिल्या आठवड्यात आईने एकच वाफा भिजविला.

"मेल्याला वळवता वळवता माझाच घाम निघाला," ती म्हणाली.

"मग झारी कशाला भरतेस, ताई? घामानेच भिजव," मामा म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी त्या घरात हसू ऐकू आले.

तीन महिन्यांत आई नऊ वाफ्यांवर पोहोचली. त्या दिवशी तिने कात्री मागितली आणि एक वर्तमानपत्र उभे कापले. रेघ सापासारखी वळत गेली. परंतु कात्री गळली नाही! लेकीने तो कागद भिंतीवर चिकटविला. मित्रांनो, कारखान्यातून निघताना मला कोणी सांगितले नव्हते की माझ्या हातून असेही कार्य घडेल. माझ्या जन्माचे सार्थक झाले, असे मला वाटले.

परंतु आईचा अंगठा जड पडे. त्या दाबाने माझ्या दांडीखालचा काळा लेप झिजला आणि माळी आपण होऊन डावीकडे सरकू लागला. लेक टीव्हीवर वेगळ्या कंट्रोलरने खेळे, म्हणून तिला हे उशिरा कळले. एकदा आई आंघोळीला गेली असता लेकीने मला हातात घेतले.

"मामा, याची स्टिक सरकतेय बघ. बदलतोस का?"

मामाच्या पिशवीत बारीक पेचकस होता. त्याने मला उलटसुलट करून पाहिले.

"आता याला कशाला खोलत बसायचं? दोन महिन्यांत नवीन मॉडेल येतंय. त्यातली स्टिक म्हणे लोहचुंबकावर चालणार, घासायचा प्रश्नच मिटला. ताईला एकदम नवाकोराच देऊ."

लेकीलाही ते पटले. तेव्हापासून जेवताना त्या दोघांचा एकच विषय असे. पडदा केवढा होईल? बॅटरी दिवसभर पुरेल का? कंट्रोलर सरकवावे लागतील की टचकन चिकटतील? लिफ्टच्या तपासणीच्या कोऱ्या कागदांवर मामा पेन्सिलीने त्या न जन्मलेल्या यंत्राची चित्रे काढी. आई म्हणे, "तुझ्या लग्नाची बोलणी चालली होती, तेव्हाही तू इतका विचार केला नव्हतास!" कॅलेंडरवर त्याने एका तारखेभोवती गोल केला होता. तो गोल या पानावरून त्या पानावर पळत राहिला. दोन महिन्यांचे सहा झाले, सहाचे चौदा. मीही वेड्यासारखा ऐकत असे आणि माझ्या भावी धाकट्या भावाचा हेवा करीत असे.

आणि दुपारी, घरात कोणी नसताना, आई मला मांडीवर घेऊन बसे. तिच्या अंगठ्याला स्पर्श नीट कळत नसे. तो दांडीवर किती टेकला आहे, हे तिला उमगत नसे. माळी डावीकडे सरके आणि तळ्यात पडे. ती त्याला बाहेर काढी. तो पुन्हा पडे. "सरळ जा रे बाबा," ती विनवी. मग ती माझ्याकडे न पाहता आपल्या हाताकडे पाही. एके दुपारी तिने उजव्या हाताने डाव्या हाताला चापट मारली.

मित्रांनो, ‘आई, चूक माझी आहे, तुझ्या हाताची नव्हे,’ एवढेच मला तिला सांगावयाचे होते. परंतु मला केवळ तळ्यात पडल्याचा बुडबुड आवाज काढता येत होता.

"बाग पुरे झाली. कंटाळा आला," आईने लेकीला सांगितले. बाईंच्या फेऱ्या तोवर संपल्या होत्या. लेकीला वाटले, नवा आला की आई आपोआप खेळेल. मी खणात गेलो.

अखेरीस नवा आला. मामाचे बहुतेक सारे तर्क खरे ठरले. पडदा मोठा होता, दांडी चुंबकाची होती. देहाने तो माझ्याहून जडही होता. मामाने तो मोठ्या कौतुकाने आईच्या मांडीवर ठेवला. परंतु तिची डावी बोटे मुठीसारखी मिटलेली होती. ती त्याच्याभोवती उघडेनात.

"घे ना, ताई. तुझ्यासाठीच थांबलो होतो."

"मला नको रे. माझ्या हातातच दोष आहे. जुन्यावरसुद्धा माळी सारखा डावीकडेच जायचा. किती प्रयत्न केला मी."

लेकीने मामाकडे पाहिले. मामाने जमिनीकडे.

"आई," लेक हळूच म्हणाली, "ती स्टिक खराब होती गं. आम्हाला माहीत होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

दुसऱ्याच दिवशी मामाने दुकानातून एक सुटी दांडी आणली आणि मला खणातून काढून शिवणयंत्राच्या टेबलावर खोलले. घड्याळ समोर होते. पंधरा मिनिटे लागली. केवळ पंधरा.

लेकीने आईची बोटे एकेक करून उलगडली आणि अंगठा माझ्यावर ठेवला. बऱ्याच वेळाने माळी एक पाऊल चालला, आणि आईने सोडले तेथेच उभा राहिला.

"उभा राहिला," आई म्हणाली. "म्हणजे माझा हात चांगला होता."

मामा हातातला पेचकस पिशवीत ठेवण्यास विसरला.

आता बाई पुन्हा येतात. आई दिवसाला एक वाफा भिजविते, कधी तोही अर्धाच. हरवलेले महिने परत मिळतील, असे बाई म्हणत नाहीत. कात्री खिळ्याला टांगलेली असते आणि तिच्याजवळ तो सापाच्या रेघेचा कागद.

मित्रांनो, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असे थोर लोक सांगून गेले. माझी एवढीच विनंती आहे. उद्याचे यंत्र किती सुंदर असेल, याची चर्चा खुशाल करा. परंतु ती करताना आजच्या यंत्रावर कोणाचा अंगठा टेकलेला आहे, ते पाहा. आणि काही बिघडले असेल, तर निदान त्या माणसाला तेवढे सांगा.

परवा जेवताना मामा सवयीने म्हणाला, "याच्या पुढच्या मॉडेलमध्ये म्हणे..." आणि मध्येच थांबला. ताटावरून उठून तो टेबलापाशी आला, माझी दांडी बोटाने फिरवून पाहिली, आणि विचारले, "ताई, नीट चालतेय ना गं?"