उत्तरेकडे वळणारा शिपाई

मांडवीच्या धक्क्याजवळच्या वखारीत त्या तिन्हीसांजेला पाऊल ठेवायला जागा नव्हती. दाराबाहेर लोखंडाचा ढीग पडला होता. कोयते, विळे, सुऱ्या, अडकित्ते. एका म्हातारीने तर कंबरेचा चाव्यांचा जुडगाही सोडून ठेवला होता. आमच्या रत्नागिरीत कुळवाडी माणूस एक वेळ धोतराशिवाय बाहेर पडेल, पण कोयत्याशिवाय नाही. तरी सगळे मुकाट्याने कोयते उतरवून आत जात होते.

आत धुपाने डोळे चुरचुरत होते. मधोमध पाण्याने भरलेली पितळी परात होती. पाण्यावर पांगाऱ्याच्या लाकडाची चकती तरंगत होती आणि तिच्यावर चार बोटं उंचीचा शिशाचा शिपाई उभा होता. खाकी डगला, डोक्याला फेटा, खांद्याला बंदूक.

"देखो!" पलटणबाबा गरजला आणि त्याने चकतीला टिचकी मारली.

शिपाई गरगर फिरला, मंदावला, थोडा डुलला आणि उत्तरेला तोंड करून थांबला. बाबाने पुन्हा फिरवला. पुन्हा उत्तरच. बायकांनी हात जोडले.

"बसरा!" बाबा म्हणाला. "जहाँ गिरा, वहीं देखता है मेरा जवान. ज्या गोळीनं पडला तिच्याच शिशाचा बनवला मी त्याला. एकशेएक गोळ्या आणल्या, एकशेएक शिपाई. बस! एकशेदोनावा बनणार नाही. ब्रह्मदेव आला तरी नाही!"

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठावीस सालची. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या आणि पहिल्याच बोटीने हा गृहस्थ उतरला. दाढी छातीपर्यंत, अंगात जुना लष्करी कोट, आणि गळ्यात पितळी बिल्ले इतके की चालताना भांड्यांच्या दुकानासारखा वाजे. मागच्या, चौदा सालच्या लढाईत आमच्या जिल्ह्यातली माणसं घरटी एक म्हणावी तशी गेली होती. बरीच परतली नाहीत. आमच्याकडे त्या साऱ्या लढाईला एकच नाव, इराकातल्या बंदराचं, बसरा. आणि बसरा कुठे, तर उत्तरेला. कारण रत्नागिरी सोडून जाणारा प्रत्येक माणूस बोटीत बसून उत्तरेला, मुंबईलाच जातो. जो गेला तो उत्तरेला गेला, हा आमचा भूगोल. बाबाने तो आमच्यापेक्षा चांगला ओळखला होता.

बाबाचे नियम तीन. शिपाई म्हणजे राखणदार, त्याला कधी पालथा घालायचा नाही. त्याचा रंग घासायचा नाही, धुवायचा नाही. आणि त्याच्या जवळ लोखंड न्यायचं नाही, कारण मेलेल्याचा आत्मा लोखंडाला भितो. आता बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवणाऱ्या आमच्या लोकांना हे काय पटवून द्यायचं? आईच्या दुधाबरोबर प्यालेलं ज्ञान ते.

पहिला शिपाई पाच रुपयांना गेला. घेणाऱ्या बाया रडत घेत होत्या. पण दसऱ्याला बाबाने भर सभेत एकाचा शिपाई बारा रुपयांना परत विकत घेतला, आणि रडणाऱ्यांच्या मागे हिशेबी माणसं येऊन उभी राहिली. ज्यांच्या घरातलं कुणी लढाईला सोडाच, लांज्यापलीकडेही गेलं नव्हतं, ते शिपाई घेऊ लागले. दिवाळीला भाव चाळीसवर गेला. माझा महिन्याचा पगार तेवढा होता. बिगुलवाले फक्त तीन आणि निशाणवाला एकच, असं बाबाने सांगितल्यावर तर लोक गुहागरहून होड्या करून आले. आमच्या हायस्कुलाच्या कचेरीतल्या आत्माराम कारकुनाने सात घेतले. रोज कचेरीत तोच विषय.

"मास्तर, सोनं काय वाढतं हो?" तो मला म्हणे. "सोनं खाणीतून निघतच राहणार. हे मात्र एकशेएकच. शिमग्यापर्यंत शंभराला जातील, लिहून ठेवा."

"आणि तुझ्याकडून घेणार कोण?"

"तुमच्यासारखे, ज्यांनी वेळेवर घेतले नाहीत ते!"

मार्गशीर्षात त्याला पैशाची गरज लागली. दोन शिपाई घेऊन तो बाबाकडे गेला. बाबाने डोळे मिटले. "शिपाई स्वतः निघेल तेव्हा निघेल. लोभानं विकशील तर घरावर उलटेल." आत्मारामने गुपचूप दुसऱ्याला पस्तीसला विकायचा घाट घातला, आणि त्याच आठवड्यात त्याची म्हैस मेली. झालं! गावात कुजबुज पसरली आणि विकायचं नाव कोणी काढीना. भाव चढताच राहिला, कारण विकणाराच कोणी उरला नव्हता. म्हैस सतरा वर्षांची होती हे सांगायला मी गेलो, तर लोक माझ्याकडे असं बघत की पुढचा मेलेला मीच. एका रात्री माझ्या कौलांवर दोन दगडही पडले.

तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्ही हायस्कुलात शास्त्र आणि भूगोल शिकवता, एवढं कळलं नाही? शंका पहिल्याच दिवशी आली होती. पण शिशाला चुंबक ओढत नाही हे मीच मुलांना शिकवलेलं, आणि शिपाई पालथा करून बघू देईल असं एक घर मिळेना. दगड पडल्यावर तर मी गप्पच बसलो. खरं तेच सांगतो, मी भ्यालो.

मग एका दुपारी हौसा आली. ती आमच्याकडे गवताचे भारे टाकी. तिचा नवरा रावजी चौदा सालच्या पावसाळ्यानंतर पलटणीबरोबर बोटीत बसला, तो गेला. तेव्हा ती वीस वर्षांची होती. तेव्हापासून कपाळावर कुंकू आणि घरात एकटी. बाबाचा शिपाई तिनेही घेतला होता, पाच रुपयांना. तिच्या मालकीचं एकच, मिऱ्याच्या वाटेवरचा कातळाकडेचा तुकडा आणि त्यात तिने स्वतः पाणी घालून जगवलेली आंब्याची अकरा कलमं.

ती ओटीवर येऊन बसली.

"मास्तर, माज्या हातनं पाप झालं."

"काय झालं, हौसा?"

"गवत कापून आल्ये. दमल्ये व्हत्ये. इळा टेकवला परातीला आनी चूल पेटवाय गेल्ये. येऊन बगत्ये तर शिपाई फिरलेला! बसऱ्याकडं पाट करून इळ्याकडं बगत व्हता. बाबाला सांगितलं. तो बोल्ला, तुज्या घोवाचा आत्मा तडपडतोय. धा सोबती त्याच्या बाजूला उभे कर, न्हायतर तो तुलाच न्हेईल."

"दहा शिपाई? पैसे कुठून आणशील?"

"कलमं द्याची. उद्या सांजेला आंगठा. बाबा बोल्ला, सालभरानं धा शिपाई इकलेस तर दोन बागा घेशील." ती पदराने तोंड पुसू लागली. "मना बागा नकोत. त्येंच्या आत्म्याला तरास नको. बाबानं पलटणीचा कागद आनाय सांगितलाय. त्यात काय लिवलंय तेवडं सांगा."

कागद चौदा वर्षं घडीत होता. इंग्रजी. तिने तो कधी कोणाला वाचायला दिला नव्हता. का, ते मी विचारलं नाही. वाचला नाही तोवर माणूस जिवंत, इतकं मलाही कळतं.

मी वाचला. बेपत्ता, बहुधा ठार. नोव्हेंबर एकोणीसशे चौदा. ठिकाण, पूर्व आफ्रिका.

मी कपाटातून नकाशा काढला आणि तिच्यापुढे पसरला. "ही आपली रत्नागिरी. हा समुद्र. हा बसरा. आणि तुझा रावजी गेला तो इथे." माझं बोट खाली, नैऋत्येला सरकलं. "बसऱ्याला तो गेलाच नाही, हौसा. मग त्याचा शिपाई उत्तरेला का बघतो? आणि खुद्द बसरासुद्धा नीट उत्तरेला नाही, वायव्येला आहे. उत्तरेला बघतं ते होकायंत्र. आणि विळ्याकडे वळतं तेही तेच. त्या शिपायाच्या पोटात चुंबक आहे. पुन्हा एकदा विळा धरून बघ."

"परत पाप करू?" ती ताडकन उठली. "मास्तर, तुमाला पुस्तक हाय. मना त्यो एकच मानूस व्हता." आणि कागद ओढून घेऊन ती निघून गेली. गवताचे पैसेही नेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी वखारीत गेलो ते तिच्यामागोमाग. बाबासमोर स्टँप लावलेला कागद आणि शाईची डबी तयार. परातीत हौसाचा शिपाई. बाहेर भरतीचं पाणी धक्क्यावर आपटत होतं.

"बाबा," मी म्हणालो, "हिचा नवरा कुठे पडला?"

"मेरी गोद में! बसऱ्याला! पानी माँगा उसने, मैंने पिलाया."

"पलटणीच्या कागदात पूर्व आफ्रिका लिहिलंय. दोन हजार मैल लांब. तुमची मांडी बरीच लांब दिसते."

कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बाबाने गळ्यातले बिल्ले खणखणवले.

"आत्म्याला मैल कसले? तो आपल्या भाईबंदांकडे बघतो. आणि हा मास्तर!" त्याने माझ्याकडे बोट रोखलं. "ह्याच्या पावलानं शिपाई बिथरलेत. त्या म्हशीचं काय झालं ठाऊक आहे ना? आता माणूस जाईल!"

गर्दी माझ्याकडे वळली. ओळखीचे चेहरे होते. त्यांत माझ्या विद्यार्थ्यांचे बाप होते. पण त्यातला एकही त्या घडीला मला ओळखत नव्हता. माझ्या मागचं दार कोणीतरी लोटून घेतलं. चाळीस चाळीस रुपये अडकलेल्या माणसांना खरं नको असतं, आणि मी त्यांचा भाव पाडायला आलो होतो.

"आंगठा लाव, बेटी," बाबा म्हणाला.

हौसा पुढे झाली. अंगठा शाईत बुडवला. मी डोळे मिटून घेतले.

"थांबा जरा," तिचा आवाज आला. "आदी ह्येंना इचारत्ये."

मी डोळे उघडले. तिने पदराखालून विळा काढला होता.

"लोहा! अरे, लोहा अंदर कैसे आया?" बाबा किंचाळला. "आत्मा पळेल! हटाओ!"

"पळूंदे की," हौसा म्हणाली. तिचा हात कापत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माजा घोव आसल तर पळंल. लोखंडाला भितोय ना?"

तिने विळ्याचं टोक परातीत पाण्याजवळ धरलं. शिपाई हलला. सावकाश फिरला. मग चकतीसकट पाण्यावरून सरकत आला आणि टक् असा आवाज करून विळ्याला चिकटला. तिने विळा इकडून तिकडे नेला. शिपाई मागोमाग.

"ह्यो भितो व्हय?" हौसा लोकांकडे वळून म्हणाली. "ह्यो तर गळ्यात पडतोय!"

मग तिने तो उचलला आणि गेल्या चार महिन्यांत कोणी केलं नव्हतं ते केलं. पालथा घातला. विळ्याने तळ खरवडला. शिसं मऊ, लोण्यासारखं निघालं, आणि आतून दाभणाचे दोन तुकडे वर आले. मी ते दिव्याजवळ धरले. एकाला दुसरा चिकटून लोंबत होता.

"चुंबकावर घासलेलं दाभण," मी म्हणालो. "तरंगतं ठेवलं की ते उत्तर-दक्षिण उभं राहतं. बोटीवरचा तांडेल ह्याच्याच भरवशावर मुंबई गाठतो. त्याच्या होकायंत्रात कोणाच्या नवऱ्याचा आत्मा असतो?"

बाबा मागच्या दाराकडे सरकला होता. त्याला धरला तो आत्मारामने. सात शिपायांच्या मालकाच्या अंगात एवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं. बाबाची ट्रंक फोडली. आत साचा, रंगाच्या बाटल्या, नालासारखं वाकवलेलं चुंबक, पुडाभर दाभणं. आणि त्या एकशेएकांतले आणखी दोनशे बारा शिपाई. बिगुलवालेच पन्नास होते. गोळ्यांच्या शिशाचाही उलगडा झाला. दाराशी उभा असलेला केरू खारवी कपाळावर हात मारून म्हणाला, "म्हंजी माज्याकडनं जाळ्याची शिसं घेत व्हता, ती ह्याच्यासाटी!"

फौजदार आले, बाबा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायाचा भाव काय होता सांगू? केरूने तराजू लावला. शेराला तीन आणे. चाळीसचा शिपाई दिडकीलाही गेला नाही. आत्माराम सात घेऊन रांगेत उभा होता आणि माझी नजर चुकवत होता. मला त्याची कीव आली. रागही आला. ज्यांनी दुःखापायी घेतले त्यांना मी काही बोलणार नाही. पण ज्यांनी दुसऱ्याचं दुःख महाग होईल म्हणून घेऊन ठेवले, त्यांनी त्या बाबाचीच दुकानदारी चालवली.

हौसाही आली. तिने खरवडलेला शिपाई तराजूत टाकला.

"ठेव गं आठवणीला," केरू म्हणाला.

"शिसं हाय ता," ती म्हणाली. "जाळ्याला लाव." मग माझ्याकडे वळली. "मास्तर, ता आफ्रिका कंच्या अंगाला?"

मी समुद्रावर नैऋत्येला बोट दाखवलं. ती बराच वेळ तिकडे बघत उभी राहिली. चौदा वर्षं ती चुकीच्या दिशेला बघत होती. रडली, भरपूर रडली, आणि मग विळा कंबरेला खोवून कलमांना पाणी घालायला गेली. कुंकू तिने पुसलं की नाही ते मी सांगणार नाही. तो तिचा प्रश्न आहे.

वाचकहो, असा बाबा पुन्हा येईल. त्याच्याकडे शिपाई नसेल, दुसरं काही असेल, आणि तेही मोजकंच उरलेलं असेल. तुम्ही एवढंच करा. तो जे पालथं घालू नका म्हणेल, ते पालथं घालून बघा. आणि दाराबाहेर जे ठेवायला सांगेल, नेमकं तेच पदराखाली लपवून आत घेऊन जा. हात थरथरला तरी चालेल. हौसाचाही थरथरत होता.