रेघेवरचं पाणी

"प्रसाद, थांबव रे गाडी! पाटी मागे राहिली बघ."

"आई, पुढच्या ओव्हरलुकला थांबू ना. तिथे व्ह्यू मस्त आहे. आणि मला चारला कॉल आहे, यार."

"आईला यार म्हणतोस? व्ह्यू पुष्कळ पाहिले. मला त्या पाटीपाशी उतरायचंय."

तीन दिवसांत प्रसादने आईला अर्धं नॉर्थ कॅरोलायना दाखवलं होतं. शार्लटच्या काचेच्या इमारती, ॲशव्हिलचा राजवाड्यासारखा बंगला, दोन धबधबे, धुक्यातले निळे डोंगर. सुमित्राबाईंनी सगळं कौतुकाने पाहिलं. पण वाईच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईंना खरा पाहायचा होता तो इथला जलविभाजक. डोंगरमाथ्यावरची ती रेघ, जिच्या एका बाजूचा पाऊस अटलांटिकला जातो आणि दुसऱ्या बाजूचा मेक्सिकोच्या आखाताला.

त्यांचे यजमान गुरुदत्त त्याच शाळेत होते. घरीसुद्धा त्या त्यांना सरच म्हणत. दर जानेवारीत महाबळेश्वरच्या सहलीत सर मुलांना माथ्यावर उभं करत आणि तांब्यातलं पाणी दोन्हीकडे ओतत. "हे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. हे सावित्रीतून अरबी समुद्राला." अमेरिकेतली ही रेघ त्यांनी नकाशात पेन्सिलीने खुणावून ठेवली होती. व्हिसा आला आणि तीन आठवड्यांनी सर गेले.

सुमित्राबाईंचं परतीचं विमान परवा होतं.

प्रसादने गाडी वळवली. जलविभाजकाच्या पाटीशेजारच्या डांबरी जागेत सुमित्राबाई पाण्याची बाटली घेऊन उतरल्या. दहा वर्षांची इला फोन हातात घेऊन मागे आली.

"इज धिस अ पूजा थिंग, आजी?"

"नाही गं. धडा आहे. नीट बघ."

त्यांनी थोडं पाणी डावीकडे ओतलं, थोडं उजवीकडे. दोन्ही ओघळ डांबरावरून वळले आणि कडेच्या एकाच गटारात गेले.

"आई, पार्किंगला स्लोप दिलाय!" प्रसाद हसला. "डेमो फेल!"

सुमित्राबाई गटाराच्या जाळीकडे बघत राहिल्या. "सरांनी आधी उतार पाहिला असता," त्या म्हणाल्या. "मी घाई केली."

इलाने फोन खिशात टाकला. आजीच्या हातातली बाटली घेतली, दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या गवतात, उतारावर जाऊन उभी राहिली.

"धिस इज द गल्फ साइड, राइट?"

"हो. तुझं पाणी आधी फ्रेंच ब्रॉड नदीला जाईल. मग टेनेसी, ओहायो, मिसिसिपी."

"हाउ लाँग?"

"मी वाईला पोचेन ना, तेव्हा ते अजून वाटेतच असेल."

इलाने जपून ओतलं. थोडं शिल्लक ठेवून ती परत आली. "यू डू अटलांटिक, आजी. यू हॅव टू क्रॉस इट टु गो होम."

सुमित्राबाईंनी बाटली घेतली, पण ओतलं नाही. अलीकडच्या गवताच्या कडेला नुसत्या उभ्या राहिल्या.

प्रसाद गाडीपासून हळूहळू जवळ आला. फोन त्याने सीटवरच टाकला होता.

"आई, सहलीत बाबा मला कुठे उभं करायचे गं?"

"मध्ये. दोन्ही बाजू दिसतील असा."

त्यांनी बाटली त्याच्या हातात दिली, बेचाळीस वर्षांच्या मुलाला दंडाला धरून पाटीखाली उभं केलं आणि सर करायचे तसे दोन्ही हातांनी त्याचे खांदे सरळ केले.