मी चोवीसशेचा डबा

मी गेमचा डबा बोलतोय. टीव्हीला वायर जोडायची, वरच्या खाचेत कॅसेट खोचायची आणि रिमोट दाबत बसायचं, त्यातला मी. अंगानं पांढरा होतो, आता तंबाखू खाणाऱ्याच्या दातासारखा पिवळा पडलोय. पाठीवर एक चिठ्ठी चिकटलेली आहे, किंमत रुपये २४००. तिचा एक कोपरा फाटलाय. ती चिठ्ठी काढायला कोणी हात लावला तर मला खपत नाही. का खपत नाही ते सांगतो. मधे बोलू नका.

माझं बोलणं खडबडीत वाटलं तर दोष भुजंगरावांना द्या. परतूरच्या मोंढ्यात चाळीस वर्षं धान्याची दलाली केलेला म्हातारा. मी इतकी वर्षं त्याच्या बाजेशेजारी काढली, दुसरी भाषा शिकणार कुठून?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जन्म कसला, पट्ट्यावरून सरकत आलो, एका बाईनं चार स्क्रू पिळले, दुसरीनं खोक्यात कोंबलं. डोळे उघडले ते जुन्या जालन्यात, वसंताशेठच्या टीव्ही-टेपच्या दुकानात. साल त्र्याण्णव, दसऱ्याचा आठवडा. माझ्या जातीचा माल तिथं पहिल्यांदाच आल्ता. लोक काचेला नाक लावून बघायचे, चिठ्ठी वाचायचे आणि चालायला लागायचे.

मला घेतलं भुजंगरावांच्या सुनेनं, प्रभावतीनं. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. ब्लाऊज शिवून शिवून तिची पाठ मोडली होती. गेमचं दुकान टाकायचं तिच्या मनात आलं आणि तिनं शिलाई मशीन विकली. तरी तिचं म्हणणं होतं, दिवाळी जाऊ द्या, मंग बघू. म्हाताऱ्यानंच घाई केली. नवा माल पहिल्या हातानं घ्यावा, भाव चढंल, उतरायचा न्हाई, असं त्यानं ठणकावून सांगितलं. चाळीस वर्षं भाव करणारा माणूस म्हटल्यावर ती काय बोलणार? दुकानात 'एकच भाव' अशी पाटी होती. म्हाताऱ्यानं पाटी वाचली, घासाघीस केली नाही, पैसे मोजले. जन्मात पहिल्यांदा.

परतूरला पुढच्या खोलीत मला बसवलं. काळा-पांढरा टीव्ही, एक सतरंजी, दारावर खडूनं लिहिलेलं, 'दहा मिनिटं, एक रुपया'. दुकान असं चाललं की विचारू नका. बाजाराच्या दिवशी तर खेड्यापाड्यातले बाप्येसुद्धा पिशव्या बाजूला ठेवून रणगाडे उडवायचे. आणि सगळ्यांत तरबेज कोण, तर म्हातारा. मोंढ्यात रुमालाखाली बोटं दाबून सौदे केलेला हात त्याचा. तोंडानं चकार शब्द न काढता भाव ठरवायचा, बाहेरच्याला कळायचंसुद्धा नाही. तीच बोटं रिमोटवर चालायची. शाळा-कॉलेजची पोरं त्याच्यापुढं हरायची आणि आणखी रुपया काढायची.

मग संक्रांत आली आणि कंपनीनं भाव उतरवला. चोवीसशेचा माल तेराशेला.

कडूबा नावाचा एक आडत्या होता, म्हाताऱ्याचा मोंढ्यातला जुना वैरी. त्यानं नवा डबा घेतला तो सरळ घरी नेला नाही. खोकं काखेत मारून आमच्या दारात आला. भरलेल्या दुकानात त्यानं विचारलं, "भुजंगा, आमचा तेराशेचा हाय. तुझ्या डब्यात अकराशेचं जास्तीचं काय हाय, दाखव तरी."

लोक हसले. मलाही त्या दिवशी माझ्या पाठीवरची चिठ्ठी टोचली, खोटं कशाला बोलू. मोंढ्यात तर म्हाताऱ्याचं नावच पडलं, चोवीसशे. समोरून आला की म्हणायचे, आले बघा चोवीसशे.

चेष्टा परवडली असती. पण पंधरा दिवसांत पैसेवाल्यांच्या घरोघरी माझे भाऊबंद आले आणि सतरंजी रिकामी पडली. घरात फुकट मिळतंय तर आमच्याकडं रुपया कोण टाकणार? दुकान बंद पडलं तर प्रभावतीला कापसाच्या जिनिंगवर रोजानं जायची पाळी होती. शिवायला आता मशीनही नव्हती. एका दुपारी ती माझ्याशेजारी बसली आणि नखानं चिठ्ठी खरवडायला लागली. तोच हा फाटका कोपरा. म्हाताऱ्यानं तिचा हात धरला.

"राहू दे पोरी. चोवीसशे दिले ते दिले. लपवतेस कुणापासून?"

वर मग त्यानं कंपनीला शिव्या घातल्या, त्या मी इथं सांगत नाही. एकदा भाव लावला की तो पाळावा, आज चोवीसशे, उद्या तेराशे, हा काय तमाशा हाय का, असं संध्याकाळपर्यंत चाललं. प्रभावती भाकरी थापत ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "मामा, नव्या मुगाची पहिली गाडी ज्या भावानं जाते, त्या भावानं दहावी जाते का?"

हे तिनं नको तिथं बोट ठेवलं होतं. आमच्याकडं मोंढ्याची रीत अशी, की नव्या मालाची पहिली गाडी आली की तिचा मुहूर्त करायचा. गाडीवाल्या शेतकऱ्याला टॉवेल-टोपी, नारळ द्यायचा आणि भाव मुद्दाम चढा काढायचा. दुसऱ्या दिवसापासून गाड्यांची रांग लागते, भाव उतरतो आणि कोणी रडत नाही. असे कितीतरी मुहूर्त त्यानं स्वतः केले होते. पण डबा घेताना ते डोक्यात आलं नाही. मूग तेवढा मूग वाटला त्याला, डबा म्हणजे काहीतरी वेगळंच. त्या रात्री तो जेवला नाही. सुनेचं पटलं होतं, पण मोंढ्यातलं हसणं पचत नव्हतं.

सकाळी त्यानं मला धोतराच्या फडक्यात बांधलं आणि सुनेला घेऊन जालन्याची पॅसेंजर गाठली. अकराशे रुपये परत आणायचे, नाहीतर डबा शेठच्या दारात आपटायचा, असं ठरलं होतं. म्हणजे आपटून मी मरणार होतो. मला कोणी विचारलं नाही.

वसंताशेठच्या दुकानात ही गर्दी. म्हातारा कोपरानं वाट काढत पुढं चालला आणि प्रभावती मागं थांबून बघत राहिली. गिऱ्हाईक यायचं, तेराशे द्यायचं, डबा घ्यायचं. मग काचेच्या कपाटातल्या कॅसेटकडं बोट दाखवायचं. शेठ सांगायचा, साडेतीनशे. गिऱ्हाईक बोट मागं घ्यायचं आणि डब्यासोबतच्या एका फुकट कॅसेटवर घरी जायचं. कपाट गच्च भरलेलं, वर धूळ. प्रभावतीनं म्हाताऱ्याची बंडी मागून ओढली.

"मामा, पैसे नका मागू. कॅसेटी मागा. ह्या सगळ्यांच्या घरी एकच कॅसेट जाऊन राह्यली. आठ दिवसांत तिला कंटाळतेत. मंग कुठं जातील?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं, कपाटाकडं पाहिलं. चाळीस वर्षांचा दलाल एका क्षणात जागा झालेला मी पाहिलाय. फडकं सोडून त्यानं मला टेबलावर ठेवलं, चिठ्ठी शेठच्या तोंडापुढं येईल असं.

शेठनं हात जोडले. "काका, भाव मी न्हाई उतरवला. कंपनीनं उतरवला."

"बराबर केलं कंपनीनं," म्हातारा म्हणाला. "अजून उतरव म्हणावं. महाग माल काचेत बसून राहतो, त्याचा काय उपयोग?"

भांडण ऐकायला जमलेले लोक चपापले. म्हाताऱ्यानं मग त्यांनाच सुनावलं, मुहूर्ताची सगळी रीत सांगितली. आणि शेठकडं वळून म्हणाला, "मी तुझं पहिलं गिऱ्हाईक. कोणी हात लावत नव्हतं तव्हा मी घेतला. मोंढ्यात पहिल्या गाडीवाल्याला आम्ही टोपी घालतो. तू मलाच घातलीस, पण ती दुसरी. माझा नारळ कुठाय?"

दुकान हसलं, पण ह्या वेळी हसू आमच्या बाजूचं होतं. शेठही मोंढेकऱ्याचाच पोरगा निघाला. म्हाताऱ्यानं खांद्यावरचं उपरणं टेबलावर पसरलं आणि खाली हात घातला. शेठनंही घातला. बराच वेळ नुसतं उपरणं हलत होतं. मी टीचभर अंतरावर होतो, पण मलाही काही दिसलं नाही. एकदा शेठनं मान हलवली, एकदा म्हातारा उठून जायला निघाला आणि पुन्हा बसला. शेवटी हात बाहेर आले.

सौदा असा झाला होता. पाच कॅसेटी मुहूर्ताचा मान म्हणून फुकट. वीस कॅसेटी निम्म्या भावानं, खपतील तशा पैसे द्यायचे, न खपलेल्या परत. वर टॉवेल-टोपी. नारळ शेठनं देवापुढचाच उचलून आणला. म्हाताऱ्यानं टोपी घातली, पण नारळ आणि कुंकू माझ्यापुढं सरकवलं. "मान ह्याचा हाय," म्हणाला. शेठनं माझ्या कपाळी, म्हणजे चालू करायच्या बटणाच्या जरा वर, कुंकू लावलं. डाग अजून आहे. असा मान कुठल्या डब्याला मिळाला असेल तर दाखवा.

परतूरला दारावरचा खडू पुसला आणि नवा उमटला. 'जुनी कॅसेट द्या, दुसरी न्या. आठवडा तीन रुपये.' तिसऱ्याच दिवशी रांग लागली. ज्या घरांनी आमची सतरंजी रिकामी केली होती, ती सगळी घरं दारात उभी. आणि त्या रांगेत कोण, तर कडूबा. नातीनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं, एकच कॅसेट किती दिवस खेळणार? म्हातारा बाजेवरून उठला नाही.

"कडूबा, तुझा डबा तेराशेचा ना?"

"व्हय."

"झ्याक हाय. असाच चालव. पण कॅसेटीला चोवीसशेवाल्याकडंच यावं लागतंय."

कडूबानं तीन रुपये काढले. तो हसला बिचारा, मला वाटलं नव्हतं हसेल.

पुढं कंपनीनं दोनदा भाव उतरवला, नऊशे केला, मग सहाशे. दर वेळी म्हाताऱ्यानं गल्लीत पेढे वाटले. लोकांना वाटायचं, म्हातारा सरकला. पण भाव उतरला की आमच्या दारात नवी घरं यायची. हमालांची यायची, मास्तरांची यायची. तेराशेला ज्यांना डबा जमला नव्हता, त्यांच्या पोरी सहाशेच्या डब्यावर हात बसवून माझ्या म्हाताऱ्याला हरवून गेल्या. चार वर्षांत प्रभावतीनं शिलाई मशीन परत घेतली. शिवत काही नाही, नुसती झाकून ठेवलीय. म्हणते, घरात असावी.

तेव्हा कोणी मला विचारलं, कंपनीनं मागून भाव कमी करावा का, तर माझं सरळ उत्तर आहे, करावा. जरूर करावा. पण पहिल्या गिऱ्हाईकाला विसरू नये. त्यानं अंधारात उडी मारलेली असते. पैसे नका देऊ परत, पण नारळ तरी द्या.

आता दोन हजार चार साल आहे. माझी कंपनी केव्हाच बुडाली. खाचेत फुंकर मारल्याशिवाय मी चालत नाही आणि चाललो तरी पडद्यावर मुंग्या येतात. प्रभावतीकडं आता सीड्या आहेत, दोन कॉम्प्युटर आहेत, दारावर रंगवलेला बोर्ड आहे. म्हातारा ऐंशीच्या पुढं गेलाय, बाजेवरून सगळ्यांना शिव्या देतो.

मागच्या दसऱ्याला जालन्यात एक नवी मशीन आली. गावातल्या पोरांनी प्रभावतीला सांगितलं, मावशी, थांबा, सहा महिन्यांत निम्म्यावर येते. ती म्हणाली, माहीत आहे. आणि पहिल्या दिवशी, पुऱ्या भावानं ती घेऊन आली. पिशवीतून आधी नारळ निघाला, मग टॉवेल-टोपी. मागायची गरजच पडली नव्हती. वसंताशेठच्या दुकानात कुठलाही नवा माल आला की पहिल्या गिऱ्हाईकाला आता मान मिळतो. रीत पडलीय. त्या रीतीतला पहिला मी.

नवी मशीन माझ्या शेजारी ठेवलीय. काळी कुळकुळीत, गर्विष्ठ. तिच्या पाठीवरची चिठ्ठी काढायला एक पोरगी निघाली, तर म्हातारा खेकसला, "राहू दे. ती तिच्या मानाची टोपी हाय."

माझी धूळ पुसा, हरकत नाही. पुसताना पाठीकडून जरा जपून, एवढंच.