टोपली उघडताना

मुकादमांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं तेव्हापासून त्यांच्या बायकोच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता आणि तोंडातून शब्द निघाला नव्हता. पहिल्या गोष्टीची काळजी लेकीला लागली होती. दुसरीची धाकट्या दिराला, कारण वहिनी गप्प बसल्यात हे दृश्य त्यानं अजून पाहिलेलंच नव्हतं. घरात आणि घराबाहेर सगळे त्यांना वहिनीच म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू.

मुकादम घरसामान हलवणाऱ्या कंपनीत होते. त्यांनी लोकांची कपाटं हलवली, आरसे हलवले, एकदा तर उठायला तयार नसलेल्या आजोबांना आरामखुर्चीसकट तिसऱ्या मजल्यावर पोचवलं. स्वतःच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा मात्र जागचे हलले नाहीत. "गॅस झालाय," म्हणत अंगावर काढलं. शेवटी उचलूनच आणावं लागलं. आतड्याला पीळ पडला होता.

"कितपत बिघडलंय?" दिरानं विचारलं होतं.

"ते पोट उघडल्यावरच कळेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि दाराआड गेल्या.

ते वाक्य वहिनींनीही ऐकलं होतं. समोरच्या बंद दारावरून त्यांची नजर हटत नव्हती.

दुपारी जिन्यातून धापा टाकत दोघं वर आले. पुढे लंबू, मागे चिकट्या. दोघंही मुकादमांच्या हाताखालचे. लंबू वजन उचलायचा आणि चिकट्या खोक्यांना टेप लावायचा. दोघांच्या मधे, काचेचं कपाट धरावं तशी, एक भली मोठी वस्तू होती. बुडबुड्यांच्या प्लास्टिकात गुंडाळलेली, चहूबाजूंनी टेप मारलेली.

"वहिनी," लंबू म्हणाला. पुढचं धीराचं वाक्य त्यानं वाटेत पाठ केलं होतं, ते जिन्यात सांडलं. "वहिनी, ही टोपली."

"कुठेय टोपली?" लेकीनं विचारलं.

"आत आहे."

"आणि टोपलीत काय आहे?"

"खायचं-प्यायचं. सगळ्यांनी मिळून भरली. धक्का लागू नये म्हणून जरा बांधलीये."

जरा! दिरानं टेपचं टोक शोधलं, सापडलं नाही. नखानं खरवडलं, नख तुटलं. मग दातांनी प्रयत्न केला, तेव्हा लेक म्हणाली, "काका, दातांचे डॉक्टर खालच्या मजल्यावर आहेत हं."

"तुमच्याकडे कटर असतो ना?" दिरानं चिकट्याला विचारलं.

"तो दारावरच्या रखवालदारानं काढून घेतला," चिकट्या खाली मान घालून म्हणाला. "पातं आत नेऊ देत नाहीत."

मग तिघं पुरुष त्या टोपलीशी झटू लागले. बुडबुडे फटाफट फुटले. आवाज ऐकून रखवालदार ओरडायला वर आला. बघता बघता त्यानंही एक कोपरा धरला, आणि वर "असं ओढू नका, तसं ओढा" सुरू केलं.

प्लास्टिक निघालं, तर आत पुठ्ठा. पुठ्ठ्याखाली चादर. चादर सुटली आणि एकदाची टोपली दिसली. तिच्यातलं प्रत्येक केळं वेगळं कागदात गुंडाळलेलं होतं. उकडलेली अंडी चुरगाळलेल्या कागदात एकेक घट्ट बसवली होती. थर्मासला दोन उशांच्या मधे झोपवलं होतं. बिस्किटाच्या पुड्यावर चिकट्यानं ठळक अक्षरांत लिहिलं होतं : काच सामान, सावकाश.

"अरे, बिस्किटं फुटली तर काय जखम होणारे?" दीर घाम पुसत म्हणाला.

"खोक्यात हललं की गेलं, असं मुकादमच सांगतात," चिकट्या ठामपणे म्हणाला. "गेल्या महिन्यात माझा डबा हलला, तर अख्ख्या गोदामासमोर मला पुन्हा भरायला लावला."

"आमच्या घरीही हेच," वहिनी म्हणाल्या.

सगळे थबकले.

"लग्नानंतर माहेरून लोणच्याची बरणी आणली, ती ह्यांनी बांधली," वहिनी दारावरची नजर न काढता म्हणाल्या. "उघडेपर्यंत लोणचं मुरलं."

आधी लेक हसली, मग लंबू, आणि मग वहिनी स्वतः. हसता हसता डोळे वाहू लागले, ते त्यांनी पुसले नाहीत. लेकीनं तेवढ्यात त्यांच्या हातात चहा दिला. तो गरम होता. वहिनींनी घोट घेतला, दुसरा घेतला. दिरानं हळूच एक केळं सोलून पुढे केलं, तेही खाल्लं.

आणि दार उघडलं.

"मुकादमांचे कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी हात वर केले. ओघात रखवालदारानंही केला.

"पीळ सोडवला. आतडं शाबूत आहे, कापावं लागलं नाही. आता काळजीचं कारण नाही."

"नक्की?" वहिनींनी विचारलं.

"नक्की."

वहिनी खुर्चीत बसल्या. त्या आधीच बसलेल्या होत्या, तरी पुन्हा बसल्या असंच सगळ्यांना वाटलं. लंबूनं चिकट्याला मिठी मारली आणि जमिनीपासून वर उचललं.

मुकादम शुद्धीवर आल्यावर एकट्या वहिनींना आत सोडलं. त्या परत आल्या तेव्हा पदर तोंडाशी धरलेला होता. दिराचा चेहरा पांढराफटक पडला.

"वहिनी, काय झालं? बोलले का?"

"बोलले ना. अजून जीभ जड आहे, पण नर्सबाईंना सांगतायत, खाट दारातून चुकीची फिरवलीत. पायाची बाजू आधी काढायची असते म्हणे."

"मग नर्सबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, उद्या वॉर्डात हलवताना तुम्हालाच विचारू. तेव्हा कुठे डोळे मिटले." वहिनींनी आणखी एक केळं उचललं. "आता बघा, उद्या सगळ्या हॉस्पिटलची खैर नाही."