मागच्या सीटवरचा

दीक्षाचा नवरा नोकरीला पुण्यात. ती जवळा बाजारात सासूपाशी राहून कंपनीचं काम घरूनच करायची आणि दुपारी हात रिकामे झाले की संगणकावर विमान उडवायची. कापूस ठेवायच्या खोलीत तिनं संगणकाचे तीन पडदे, पायाखालची पेडलं आणि ट्रॅक्टरची जुनी सीट बसवली होती.

सध्या एका जुन्या लढाऊ जेटचं वेड होतं. दोन सीटचं, चाचणीपुरतं एकच बनलेलं. परदेशातल्या एका हौशी माणसानं त्याची हुबेहूब नक्कल करून नेटवर ठेवली होती.

सासू, जनकाबाई, दाराशी तूर निवडत बसल्या होत्या. पडद्यावर औंढ्याचं देऊळ खालून सरकलं, तसं दीक्षानं विमान बाहेरून दाखवलं.

"मागचा माणूस मान खाली घालून काहून बसलाय?" जनकाबाईंनी विचारलं.

"चित्रच हाय ते, आत्या."

संध्याकाळी तिनं त्या हौशी माणसाला कळवलं, मागचा वैमानिक छान जमलाय. उत्तर आलं : मागची सीट मी रिकामीच ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी सासूला दाराशी बसवून घेऊनच तिनं उड्डाण केलं. बाहेरून पाहिलं. माणूस होता. मान आता वर होती आणि तो डाव्या अंगाला, खाली, एकटक बघत होता.

"उतरायचं असंल त्याला," जनकाबाई म्हणाल्या. "इचार तर."

"कोणाला इचारू? ते खरं न्हाई, आत्या."

"मग घाबरून काहून राहिली?"

तेवढ्यात इंजिनाचा आवाज बंद पडला. लाल दिवे लागले. हातातली विमान वळवायची दांडी साधी होती, तिला मोटारबिटार काही नव्हती. तरी ती आपोआप, हळूच डावीकडं कलली. दीक्षानं दांडी सोडली नाही, फक्त जोर काढून घेतला. साखरा गावाकडच्या एका उघड्या माळावर विमान तरंगत उतरलं आणि धक्के खात थांबलं. मागची काच आपोआप उघडली.

सीट रिकामी होती.

जनकाबाईंनी सूप बाजूला ठेवून हात जोडले. "जा बाबा, घरी जा."

दीक्षानं वायरच उपटली. कित्येक दिवस ती त्या खोलीकडं फिरकली नाही. शेवटी राहवेना, म्हणून बसली. जेट धावपट्टीवर पळू लागलं आणि नेहमीपेक्षा थोडं आधीच त्याची चाकं जमिनीवरून सुटली. विमान एका माणसानं हलकं झालं होतं.