लातूरकडून खेळलेली

“फितूर हाय ही! काढा बाहेर!”

आवाज लिंबाखालून आला. रुद्राणीने मान वळवली नाही. पाठीवर थाप आणि कानात ‘खो’ पडेपर्यंत समोर बघत खो-खोच्या पाटीवर उकिडवं बसायचं, एवढंच तेव्हा तिचं काम होतं. पण आवाज तिने ओळखला. तो तिच्याच गल्लीतल्या भुजंगचा होता. शाळेत असताना ती मुखेडला जिंकलेली ढाल घेऊन आली, तेव्हा ह्याच भुजंगने तिच्यापुढे हलगी वाजवली होती. आता हलगी नव्हती, नुसतं तोंड होतं.

सामना मुखेडातच, आणि मुखेड नांदेड जिल्ह्यात. रुद्राणी मुखेडच्या गुंडप्पांची लेक. आणि आज तिच्या बनियनवर, छातीवर, ‘लातूर’ लिहिलेलं होतं. खाली सासऱ्यांच्या अटीप्रमाणे पायघोळ विजार. गळ्यातलं इष्टलिंग आणि मंगळसूत्र एका फडक्यात गुंडाळून अंगाशी आवळलेलं.

साल दुष्काळाचं. मैदान शिंपल्याशिवाय खो-खो होत नाही, पोरींचे गुडघे सोलून निघतात, हे खरं. पण त्या सकाळी गावात आलेला टँकर आधी मैदानावर रिकामा झाला आणि घागरी घेऊन आलेल्या बाया नुसत्या बघत राहिल्या. कारण पोरींचे गुडघे नव्हते. उद्घाटनाला पुढारी येणार होते, त्यांच्या पांढऱ्या धोतरावर धूळ उडायला नको होती. तो राग लोकांच्या पोटात होताच. पुढाऱ्यावर काढायची कुणाची छाती नव्हती. रुद्राणी सोयीची होती.

तिचं लग्न अहमदपूरला झालं होतं. पाठवणीच्या वेळी गुंडप्पांनी तिचा हात माणिकप्पांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या हातात दिला आणि भर मांडवात हुंदका देऊन म्हणाले, “आजपासून पोरगी तुमची. जगली तरी तुमची, मेली तरी तुमची. आमचा तिच्यावर हक न्हाई.” सगळेच बाप असं म्हणतात. म्हणतात, डोळे पुसतात आणि पंगतीचं बघायला जातात. रुद्राणीची चूक एवढीच, की तिने ते खरं मानलं.

तिचं आडनाव बदललं, घर बदललं, भाकरीचा आकार बदलला, हसायचा आवाजही बदलला. तेव्हा तिला कुणी फितूर म्हटलं नाही. उलट, पोरगी सासरी मुरली म्हणून मुखेडच्या बाया तिचं उदाहरण देत होत्या.

लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा. उस्मानाबादेतून तोडून चार वर्षं झाली असतील. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं लागतं. कचेऱ्या लागतात, पाट्या लागतात, पुढारी तर लागतातच. तसा संघही लागतो. एका दुपारी माणिकप्पांच्या किराणा दुकानात शेषेराव आले. खेळाच्या कारभारात पुढे पुढे करणारा माणूस. अंगात सफारी, तोंडात पान.

“माणिकप्पा, तुमची सून मुखेडची रुद्राणी म्हनं. खांबावरून झेप मारनारी.”

“हाव. मग?”

“जिल्ह्याकडून खेळू द्या की. पोरी हायत आपल्याकडं, पन पळनारी एक न्हाई.”

माणिकप्पांनी तागडी खाली ठेवली. “लिंगायताची सून चारचौघात मांड्या उघड्या टाकून पळनार? लोक माझ्या दुकानात मीठ घ्यायचे न्हाईत.”

“विजार घालंल हो! पार टाचंपत्तूर.”

“आन् नांदेडासंगं खेळ पडला तर?”

“पडू द्या. आता ती आपली हाय न्हवं!”

आत रुद्राणी पीठ मळत होती. ‘आपली’ हा शब्द तिने उंबऱ्याआडून ऐकला. लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि तो शब्द तिच्यासाठी त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला होता.

तरी तिने बापाला विचारलं. गुंडप्पांचं आठवडी बाजारात खणांचं दुकान असायचं. तिथेच, गिऱ्हाईक गेल्यावर ती म्हणाली, “अप्पा, लातूरकडून खेळू का?”

“मला कामून इचारायलीस? सासरच्यानला इचार. आता तू त्यांची.”

हेही तिने खरं मानलं.

पाठीवर थाप पडली. “खो!”

ती उठली ती थेट खांबाकडे सुटली. नांदेडची एकच पोरगी आत उरली होती, ती सिंधु. ती बाद झाली तर डाव लातूरचा. सिंधु आणि ती एका दगडावर कपडे धुऊन मोठ्या झालेल्या. सिंधुला पळायला हिनेच शिकवलं होतं. दम लागला की सिंधु खांबापाशी उजवीकडे झुकते आणि डावीकडून निसटते, हे दुनियेत एका रुद्राणीलाच ठाऊक होतं. सिंधु उजवीकडे झुकली.

सोडता आलं असतं. पाय घसरला म्हटलं असतं तर ओल्या मातीवर कुणालाही पटलं असतं. पण पळणाऱ्या माणसाचं अंग खोटं बोलत नाही, निदान रुद्राणीचं बोललं नाही. एका हाताने खांब धरून तिने डावीकडे झेप टाकली. बोटं सिंधुच्या टाचेला लागली.

शिट्टी झाली. लातूरच्या पोरी किंचाळत आल्या. बाकी मैदान मयतीहून निघाल्यासारखं उठून चालू लागलं.

“तूच शिकवलंस आन् तूच बाद केलंस, रुद्रे,” सिंधु पडल्या पडल्या म्हणाली.

“खेळ हाय सिंधे. मनावर नको घेऊ.”

“तुला खेळ. मला हितंच राहायचंय.” आणि रुद्राणीने दिलेला हात न धरता ती उठली.

लातूरकडच्या पोरी जीपमध्ये बसल्या. रुद्राणी घरी गेली. लेक गावात येऊन उंबरा न शिवता जात नाही. बसम्मा, तिची आई, दारातच भेटली. तिने लेकीला पोटाशी धरलं नाही. आत ओढलं आणि दार लोटलं.

गुंडप्पा माजघरात होते. त्यांनी घोंगडी अंथरली. पाहुण्यांसाठी अंथरतात ती.

“बस,” ते म्हणाले. “च्या टाक गं, पावनी आलीया.”

“अप्पा, असं काय बोलायलाव?”

“मग कसं बोलू? बाजारात माझ्या दुकानाम्होरं थुकलेत लोक. कालच्या बाजारात एक खण खपला न्हाई. म्हनलेत, गुंडप्पा, पोरगी जिल्हा बुडवायला आलीया, आन् तुम्ही हितं खण इकत बसलाव.”

“तुम्हीच म्हनला व्हता, आता तू त्यांची.”

गुंडप्पांनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग कमी होता आणि अचंबा जास्त होता. इतक्या साध्या गोष्टीचा असा अर्थ कुणी काढू शकतं, हे त्या माणसाच्या कधी मनात आलं नव्हतं.

“म्हनायचं असतंय गं ते,” ते हळू म्हणाले. “म्हनायचं असतंय.”

चहा कपबशीतून आला. घरातल्यांना पितळी पेल्यातून मिळायचा. बसम्माने ओटी भरली, पण डोळे वर केले नाहीत. निघताना रुद्राणीने धीर करून विचारलं, “पंचमीला इशाला धाडताव न्हवं न्यायला?”

इशा म्हणजे ईश्वरप्पा, तिचा धाकटा भाऊ. नागपंचमीला बहिणीला न्यायला येणारा भाऊ, त्याला मुराळी म्हणतात. तो आला तर माहेर आहे, नाही आला तर नाही. बाईला ह्यापेक्षा सोपा हिशेब कुणी शिकवलेला नाही.

“तुमच्या लातुरात पंचमी नसती का?” गुंडप्पा म्हणाले.

अहमदपुरात हार-तुरे झाले. चौकात बाकडं टाकून त्यावर पोरींना उभं केलं. शेषेराव ‘आपल्या जिल्ह्याच्या लेकी’ म्हणून असे गरजले की माइक किंचाळला. रुद्राणीला वाटलं, ठीक आहे. एक दार लागलं, पण हे तर उघडलं.

पंधरा दिवसांनी शेषेराव पुन्हा दुकानात आले. ह्या वेळी पान नव्हतं.

“माणिकप्पा, राज्याच्या खेळाला संघ जायलाय. पन बैठकीत ठरलं, पोरी जन्मानं आपल्या जिल्ह्यातल्या पायजेत.”

“म्हंजे?”

“लोक म्हनायलेत, भाड्याची पोर आनून जिंकले. पेपरातबी आलंय तसं.”

“शेषेराव,” माणिकप्पा तागडीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाले, “जिंकायच्या आदी ती आपली व्हती.”

“माझ्या हातात काय हाय, सांगा. आन् एक, त्यो बनियन परत पायजे. दुसऱ्या पोरीला लागंल.”

रुद्राणीने बनियन आदल्याच दिवशी धुतला होता. तिने तो घडी घालून आणून दिला. शेषेरावांनी तो बघितलासुद्धा नाही, काखेत मारला आणि गेले. ह्या माणसांना जिल्हे तोडता येतात, जोडता येतात, नकाशावर रेघ ओढून रात्रीतून एक गाव दुसऱ्याचं करता येतं. पण एका बाईला कुठली म्हणायचं, हे त्यांना ठरवता येत नाही. जिंकली की आपली, आणि जिंकून झालं की जन्म विचारायचा!

“मामा,” रुद्राणी सासऱ्यांना म्हणाली, “मी कुठली हो?”

माणिकप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांनी गुळाच्या ढेपेवरच्या माशा हाकल्या. मग म्हणाले, “आत जा लेकरा. सांजंचं बघ.”

पंचमी आली. पाऊस नव्हताच. गल्लीच्या तोंडाशी लिंबाला झोके बांधले होते. शेजारपाजारच्या सगळ्या सुना माहेरी गेल्या होत्या आणि गावच्या लेकी परत आल्या होत्या. झोका लेकींचा असतो. सुनेने सासरी झोक्यावर बसायचं नसतं. रुद्राणीची नणंद दानम्मा उदगीरहून आली होती, हातभर नव्या बांगड्या घालून.

“वैनी, मुराळी न्हाई आला आजूक?”

“यील. मुखेडची गाडी उशिरा येती.”

सकाळची गाडी आली, दुपारची आली. स्टँडकडून येणारे भाऊ आपापल्या बहिणींकडे वळले. चारच्या गाडीचा धुरळाही खाली बसला. दानम्माने पाय टेकून झोका थांबवला.

“बसा की वैनी थोडं,” ती फळीवरून सरकत म्हणाली. “कोन बघतंय?”

“नको. मी झोका देते.”

रुद्राणीने पदर कमरेला खोचला. फळी दोन्ही हातांनी धरून ती मागे मागे गेली, दोरी ताणेपर्यंत. मग पळत सुटली. झोका डोक्यावर उचलला आणि त्याच्या खालून वाकून पलीकडे निघाली, इतक्या वेगात की तिचं पाऊल मातीत उमटलं की नाही कळू नये.

“अगं बाई!” झोक्याभोवतीच्या लेकी ओरडल्या. “कशी पळती ही!”

वर दानम्मा हसत होती, बांगड्या वाजत होत्या. “आजूक उंच, वैनी! आजूक!”

रुद्राणी वळली. झोका परत येत होता. तिने दोन्ही हात पुढे केले.